अन्नाचे वावडे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवाच्या भोजनापूर्वी अन्नाच्या दोषांविषयी बोलणारा वक्ता कोणाला प्रिय होत नाही, हे आम्ही जाणून आहो. मागे स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत असताना आमचे बोलणे लांबले तर आपण मनातल्या मनात आम्हांला काय म्हणाल, याचीही आम्हांला कल्पना आहे. तरीसुद्धा चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही मुद्दाम हाच सुचविला. कारण आपल्या मंडळींत जे सर्वांत आनंदाचे ठिकाण, ती जेवणाची पंगत, तेथेच एक धोका असतो आणि तो आपल्या प्रेमळ स्वभावातून उत्पन्न होतो.

काही वर्षांपूर्वी बडोद्यातील एका मंगलकार्यात आम्ही जेवावयास बसलो होतो. घर आणि कार्यालय यांची नावे सांगण्याचे कारण नाही. आमच्या समोरच्या पंक्तीत घरातली नवी सून बसली होती. तिने पानात वाढलेली दाण्याची चटणी बाजूला सारली, आणि काकडीची कोशिंबीर वाढावयास आली तेव्हा हळूच विचारले, ''यात कूट आहे का?'' वाढणाऱ्या आजी प्रेमाने म्हणाल्या, ''अगं, असलं तरी चिमूटभर असेल. एवढंसं खाऊन काय होतंय! घे मुकाट्यानं.'' नव्या घरी नको म्हणण्याचा संकोच वाटून तिने दोन घास खाल्ले. दहा मिनिटांच्या आत तिच्या गळ्यावर आणि हातांवर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली आणि श्वास घेताना घरघर ऐकू येऊ लागली. कोणी म्हणाले पित्त झाले, कोणी म्हणाले नजर लागली, कोणी कोकमाचे सरबत आणावयास धावले. सुदैवाने जवळच एका डॉक्टरांचा दवाखाना उघडा होता. त्यांनी मांडीत अ‍ॅड्रेनलीनचे इंजेक्शन दिले, पुढे रुग्णालयात नेले आणि मुलगी वाचली. नंतर ती आम्हांला म्हणाली, ''माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. इथं सांगायला लाज वाटली.''

त्या पंक्तीत वाईट कोणीच नव्हते. आजींचा आग्रह खरा होता, सुनेचा संकोच स्वाभाविक होता. उणीव होती ती एका साध्या ज्ञानाची. तेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

आपल्या मराठी भाषेने या बाबतीत आपल्याला फार चांगली हत्यारे दिली आहेत. अन्न 'बाधते', अन्न 'मानवत नाही' आणि अन्नाचे 'वावडे' असते, हे तीन निरनिराळे शब्द आपल्या आजीपणजींच्या तोंडी होते. आपण मात्र हल्ली सगळ्यांना एकतर 'पित्त' म्हणतो, नाहीतर 'अ‍ॅलर्जी' म्हणून मोकळे होतो. वस्तुतः या तिन्हींची कारणे वेगळी, उपाय वेगळे आणि धोकाही वेगळा. ते ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरतात. त्रास पंक्तीतल्या पुष्कळांना झाला की एकट्याला? थोडेसे खाऊन झाला की पुष्कळ खाल्ल्यावर? आणि किती वेळाने झाला?

प्रथम 'बाधणे' घेऊ. येथे दोष अन्नात असतो, खाणाऱ्यात नसतो. म्हणून जो जो खाईल त्याला कमीअधिक त्रास होतो. अळू किंवा सुरण नीट शिजले नाही तर घसा खवखवतो. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते कोणाच्याही घशाला टोचतात. अळूच्या फतफत्यात घरोघरी चिंच घालतात ती काही केवळ चवीसाठी नव्हे. मासळी खाणाऱ्या घरांना दुसरे उदाहरण पटेल. बांगडा किंवा कुपा बर्फाविना बराच वेळ राहिला तर त्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते, आणि ते शिजवल्याने जात नाही. असा मासा खाल्ला की तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते, डोके दुखते. दिसावयास ते हुबेहूब वावडे. परंतु ताटावरचे तिघेचौघे एकदम लाल झाले, तर दोष मासळीचा समजावा.

याच प्रकारातली एक दारुण हकीगत आपल्या अगदी शेजारची आहे. १९७४ सालच्या अखेरीस पंचमहाल जिल्ह्यातील आणि त्याला लागून असलेल्या राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यातील आदिवासी खेड्यांत कावीळ आणि जलोदर यांची साथ उद्भवली. तेथील लोकांचे मुख्य अन्न मका. त्या वर्षी अवकाळी पावसाने कणसे भिजली, साठवलेल्या मक्यावर बुरशी धरली, आणि दुसरे धान्य नसल्यामुळे लोकांनी तोच मका खाल्ला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तपास केला. त्यांनी पाहिलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांत तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. संसर्गाने होणारी कावीळ अशी धन्याबरोबर कुत्र्यालाही धरत नाही; म्हणून दोष अन्नाकडे गेला आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष सापडले. हे विष नेहमीच्या शिजवण्याने वा भाजण्याने नाहीसे होत नाही. बुरशी धरलेला मका किंवा काळपट, सुरकुतलेला, कडवट शेंगदाणा निवडून टाकावा, तो धुऊन वाळवून वापरू नये, हा धडा त्या खेड्यांनी फार मोठी किंमत देऊन आपल्याला दिला आहे.

आता 'न मानवणे'. येथे अन्न उत्तम असते. खाणाऱ्याचे पोट ते पुरते पचवू शकत नाही. दूध हे याचे नित्याचे उदाहरण. दुधातली साखर पचविण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य लागते. तान्हेपणी ते सर्वांजवळ भरपूर असते; पुढे जगातील बहुसंख्य माणसांत कमी होत जाते. आपल्या देशात ही तक्रार उत्तरेपेक्षा दक्षिणेत अधिक आढळली आहे. अशा माणसाने पेलाभर दूध घेतले की काही वेळाने पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात. त्रास खरा, पण जीवाला धोका नाही. आणि येथे प्रमाणाला महत्त्व आहे. चहापुरते दूध चालते, दही-ताक बहुधा सोसते, कारण विरजणाने त्यातली साखर काही अंशी आधीच खाल्लेली असते. अमूलच्या आणंदपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आपणांस दूध सोडा असे आम्ही सांगत नाही. आपल्याला किती सोसते ते पाहा, एवढेच सांगतो.

गव्हाची एक गोष्ट मात्र निराळी मांडली पाहिजे. काही माणसांत गहू आणि जव यांतील ग्लुटेन या द्रव्यामुळे लहान आतड्याचे अस्तरच हळूहळू झिजते. यास सिलिअ‍ॅक रोग म्हणतात. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हा दोष गव्हाचा असल्याचे दाखवून दिले. आपल्याकडे हा रोग गहू अधिक खाणाऱ्या उत्तरेकडे जास्त, दक्षिणेत कमी. मूल खुरटते, पोट सतत बिघडते, रक्त कमी होते आणि औषधाने ते वाढत नाही, अशा वेळी याची आठवण ठेवावी. येथे 'थोडे चालेल' हा न्याय लागू नाही. गहू जन्मभर वर्ज्य. बाजारच्या बांधानी हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचे पीठ असते, हे कित्येक सुगृहिणींनाही ठाऊक नसते. मात्र एक गोष्ट विसरू नये. रक्ततपासणी व्हावयाच्या आधीच गहू सोडला तर तपासणी फसते. म्हणून आधी निदान, मग पथ्य.

आणि आता 'वावडे'. हेच खऱ्या अर्थाने अ‍ॅलर्जी. हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फोन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने प्रथम योजला. त्याच्या आधी १९०२ साली फ्रान्सच्या पोर्तिए आणि रिशे यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. समुद्रातल्या एका प्राण्याच्या विषाची मात्रा पहिल्या वेळी कुत्र्याने सोसली. काही आठवड्यांनी त्याहून पुष्कळ लहान मात्रा दिली, तेव्हा तो काही मिनिटांत मेला. शरीराने सवय करून घेण्याऐवजी वैर धरले होते. या शोधाबद्दल रिशे यांस १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९२१ साली जर्मनीत कुस्टनर नावाच्या डॉक्टरला मासळीचे वावडे होते. त्याच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झ या सहकाऱ्याने स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तेथेच मासळीचा अर्क टोचला, तो तेवढ्याच जागी गांधी उठली. वैर रक्तातून नेता येते, हे सिद्ध झाले. ते वैर वाहणारे द्रव्य १९६६ च्या सुमारास इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत ओळखून काढले. त्याला आज आय-जी-ई म्हणतात.

होते ते असे. एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्या ओळखीचे आय-जी-ई तयार करते. ते कातडी, आतडी व श्वासनलिका यांतील काही पेशींवर पहारेकऱ्यासारखे बसते. पुन्हा ते अन्न पोटात गेले की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन वगैरे द्रव्ये एकदम ओततात. कातडीवर गांधी, ओठापापण्यांस सूज, उलटी, श्वासात घरघर, रक्तदाब खाली येऊन घेरी, हे सारे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत होते. पोर्तिए-रिशे यांच्या कुत्र्यांना मिनिटांत मारणारा जो भयंकर प्रकार, तो हाच. त्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. येथे शत्रू किती आला हे पाहिले जात नाही; आला एवढे पुरे. म्हणून आजींचे 'चिमूटभर' आणि सुनेचे 'चिमूटभर' यांत जमीनअस्मानाचे अंतर होते.

कोणत्या अन्नाचे वावडे असू शकते? दूध, अंडे, शेंगदाणा, काजू-अक्रोड, मासळी, कोळंबी-खेकडे, गहू, सोयाबीन, तीळ ही जगभरची नावे. आपल्यासाठी त्यांत आणखी एक घालावे लागते. २००१ साली मुंबईच्या संशोधकांनी हरभऱ्यावरील संशोधन प्रसिद्ध केले आणि भारतीय उपखंडातील वावड्याच्या प्रमुख कारणांत हरभऱ्याची गणना केली. आता बडोद्याचा विचार करा. सकाळी फाफडा, दुपारी पिठले, संध्याकाळी शेवउसळ, पाहुण्यांसाठी खमण नाहीतर सुरळीच्या वड्या, प्रवासासाठी लीला चिवडा. बेसन आणि डाळ टाळून या गावात दिवस काढणे म्हणजे पाण्यात राहून कोरडे राहण्यासारखे आहे! शेंगदाण्याचेही तेच. आपल्या मराठी स्वयंपाकात कूट कोठे नसते? उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याच्या खिचडीपासून लाडवापर्यंत दाण्याचेच राज्य. ज्याला दाण्याचे वावडे आहे, त्याने एकादशीच्या फराळाला अधिक जपावे.

२०२० साली केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने केलेल्या नियमांप्रमाणे पाकिटावर दूध, गहू, शेंगदाणा, सोयाबीन इत्यादी वावड्याच्या पदार्थांची नावे छापावी लागतात. ती वाचण्याची सवय करावी. तथापि त्या नियमांतील यादीत हरभऱ्याचे नाव नाही, म्हणून ज्याला डाळीचे वावडे आहे त्याने घटकपदार्थांची सारी यादी वाचावी. आणि आपल्या आचाऱ्याच्या पातेल्यावर तर कसलीच चिठ्ठी नसते.

येथपर्यंत ऐकून आपणांपैकी काहींनी मनात एक यादी केली असेल, आणि घरी गेल्यावर मुलाच्या ताटातले चार पदार्थ काढून टाकण्याचा बेत केला असेल. त्यांना थांबविणे हेही आमचे कर्तव्य आहे. कारण वावडे न ओळखणे ही जशी चूक, तशी नसलेले वावडे चिकटविणे ही दुसरी चूक. पाच वर्षांचे एक मूल आमच्या पाहण्यात आले. रक्ताच्या एका अहवालावर दूध, गहू, डाळ, दाणे, अंडे या सर्वांपुढे खुणा होत्या म्हणून आईने सगळे बंद केले होते. मूल भात आणि बटाट्यावर वाढत होते, म्हणजे वाढत नव्हते. पुढे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली एकेक पदार्थ खाऊ घालून पाहिला, तेव्हा खरे वावडे फक्त अंड्याचे निघाले.

हे कसे घडते, ते कर्नाटकात प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत दिसले. २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. शंभरातील सुमारे २६ जणांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आय-जी-ई सापडले; परंतु ज्यांना खरोखरी वावडे असण्याचा संभव होता असे शंभरात जेमतेम एक. म्हणजे रक्तातील खूण हा संशय आहे, निकाल नव्हे. निकाल लागतो तो रुग्णाच्या हकीगतीवरून: काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, पुन्हा तसेच झाले काय. याकरिता एक वही ठेवावी. आय-जी-जी नावाच्या द्रव्याच्या, दोनदोनशे पदार्थांच्या तपासण्या हल्ली विकल्या जातात. त्यांनी वावडे ठरत नाही, त्यांवर पैसा घालवू नये. पथ्य ठरलेच तर त्या पदार्थाची उणीव कशाने भरून काढावी हे जाणत्यास विचारावे. आपल्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात अन्न व पोषण हा विषय कित्येक दशके शिकविला जात आहे. या गावी जाणत्यांची वाण नाही.

बाळांच्या बाबतीत तर जुनी समजूत उलटी ठरली आहे. वावड्याच्या भीतीने तान्ह्या मुलांना शेंगदाणा उशिरा द्यावा, असे पाश्चात्त्य देशांत सांगत असत. २०१५ साली लंडनमध्ये गिडिअन लॅक व सहकाऱ्यांनी ६४० बालकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या बालकांना वावड्याचा धोका अधिक, त्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ देऊ लागले तर पाचव्या वर्षी दाण्याचे वावडे सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात ज्याला इसब फार आहे किंवा अंड्याचे वावडे आधीच आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा. आणि लहान मुलाला अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. बारीक वाटून पेजेत वा भातात कालवून द्यावा.

आता प्रसंग ओढवलाच तर काय करावे? खाल्ल्यानंतर अंगावर गांधी उठल्या आणि त्याबरोबर श्वासाला त्रास, घोगरा आवाज, वारंवार उलटी किंवा घेरी यांपैकी काही दिसले, तर वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या डॉक्टरांकडे न्यावे. औषध एकच, अ‍ॅड्रेनलीन, मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत. मोठ्या माणसास ०.५ मिलिग्रॅमपर्यंत, मुलास वजनाच्या दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम, अशी मात्रा डॉक्टर देतात. पित्ताच्या गोळीने खाज थांबते, प्राण वाचत नाही. गोळी देऊन अर्धा तास पाहू, यात घात होतो. रुग्णाला आडवे ठेवावे, पाय उंच करावे. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण एकदम उभे करून चालवू नये. आणि बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबावे, कारण ही लाट कधीकधी परत येते. ज्याला एकदा असा झटका आला, त्याने 'आता सोसते का पाहू' म्हणून घरी प्रयोग करू नये.

शेवटी संस्थेला उद्देशून. पन्नास वर्षे आपली संस्था मुलांना शिष्यवृत्त्या देत आली, आजाऱ्यांना मदत करीत आली. त्याचबरोबर तिने दरवर्षी आपल्याला एका पंक्तीत बसविले. आग्रह हा त्या पंक्तीचा अलंकार आहे; तो सोडा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आग्रह एकदा करावा, आणि समोरच्याने नको म्हटले की त्याचे कारण न विचारता पुढे जावे. नको म्हणणाऱ्यात एखादा लाजाळू असतो, एखाद्याचे पोट भरलेले असते आणि एखाद्याचा जीव त्या शब्दावर अवलंबून असतो. वाढणाऱ्याला यांतला फरक दिसत नाही.

म्हणून तीन विनंत्या. पहिली, स्नेहभोजनाच्या दाराशी एक फळा लावावा आणि प्रत्येक पदार्थापुढे दाणे, डाळ, दूध, गहू, काजू, तीळ यांपैकी जे असेल ते खडूने लिहावे. खर्च एका खडूचा. दुसरी, वाढणाऱ्या स्वयंसेवकांना 'यात काय आहे' याचे उत्तर ठाऊक असावे, आणि ठाऊक नसेल तर त्यांनी 'विचारून सांगतो' म्हणावे. 'काही नाही हो' म्हणू नये. एका पातेल्यातला डाव दुसऱ्यात घालू नये. तिसरी, लग्न जमताना आपण पत्रिका पाहतो, गोत्र विचारतो. त्याच बैठकीत 'मुलीला, मुलाला कशाचे वावडे आहे का' हेही विचारावे. म्हणजे कोणा सुनेला परक्या पंक्तीत ते सांगण्याची लाज वाटणार नाही.

आजच्या स्वयंपाकात कोशिंबिरीत कूट आहे आणि मठ्ठ्यात नाही, हे आम्ही आत जाऊन विचारून आलो आहो. चालकांनी तसा फळाही लावला आहे. जेवावयास जाताना तो जरूर वाचावा, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.